कीर्दीतली दिवाळी

बेळगावच्या बाजारपेठेत कापडाचे एक जुने दुकान आहे. दुकानाचे नाव सांगत नाही. जे घडले ते घरातले आहे आणि मालकांनी लिहायला परवानगी दिली ती नाव न छापण्याच्या अटीवरच. सगळा बाजार त्यांना अण्णा म्हणतो, मीही अण्णाच म्हणतो. त्यांचा मुलगा आमच्या कॉलेजात बी.कॉम.ला होता. पुढे पुण्यात एमबीए करून तिथल्याच एका कंपनीत आकड्यांचे काम करत राहिला आणि 2023 च्या डिसेंबरात नोकरी सोडून घरी परतला, दुकान बघायला. दोन महिन्यांत बापलेकांचे बोलणे बंद झाले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी अण्णा माझ्या घरी आले. चहा पुढे ठेवला तरी कपाला हात लावेनात. म्हणाले, "सर, तुम्ही त्याला शिकवलाय. तुमचं तरी ऐकेल. कॉम्प्युटरवर रेघा काढून दाखवतोय मला. धंदा बसला म्हणतोय. गल्ल्यावर मी बसतोय का तो?"

प्रकरण असे होते. मुलाने दोन वर्षांची सगळी बिले कॉम्प्युटरवर घेतली, त्यांचे रंगीत तक्ते केले आणि ते वडिलांपुढे ठेवले. 2022 च्या ऑक्टोबरपेक्षा 2023 च्या ऑक्टोबरात विक्री जवळजवळ निम्म्यावर आलेली दिसत होती. ऑगस्टही पडलेला. त्यावरून त्याने अनुमान काढले की गिऱ्हाईक ऑनलाइनकडे गेले, आता जुन्या पद्धतीचे दुकान चालणार नाही. उपाय दोन. एक, मॅचिंगचा काउंटर बंद करायचा, कारण एकूण विक्रीत त्याचा वाटा अगदी किरकोळ आणि जागा मात्र दुकानाच्या एक चतुर्थांश. दुसरा, राहते घर तारण ठेवून बँकेचे कर्ज काढायचे आणि वरच्या मजल्यावर साड्यांचे वातानुकूलित शोरूम करायचे. मॅचिंगच्या काउंटरवर दोन बायका आहेत, त्यातली एक चौदा वर्षांपासून. आणि घर अण्णांच्या वडिलांनी बांधलेले.

मी अर्थशास्त्राचा माणूस. मागणी-पुरवठ्याच्या रेघा फळ्यावर पुष्कळ काढल्या, पण गल्ल्यावर कधी बसलो नाही. तरीही "बघूया तरी" म्हणून गेलो. एका रविवारचे काम वाटले होते, तीन रविवार गेले.

रेघांचा जनक

आकड्यांची रेघ करून धंद्याकडे बघण्याची कल्पना आपल्याला कॉम्प्युटरमुळे आली असे वाटते. ती सव्वादोनशे वर्षांहून जुनी आहे. विल्यम प्लेफेअर नावाचा एक स्कॉटिश माणूस होता. तरुणपणी तो वाफेच्या यंत्राच्या जेम्स वॅटकडे नकाशे काढण्याचे काम करी. 1786 साली त्याने इंग्लंडच्या व्यापाराविषयी एक पुस्तक काढले आणि त्यात आयात-निर्यातीचे आकडे कोष्टकात देण्याऐवजी रेघांनी दाखवले. आडवी वर्षे, उभे पौंड. स्कॉटलंडचे मात्र त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते, रेघ ओढायची कशी? म्हणून त्याने प्रत्येक देशासाठी आडव्या पट्ट्या काढल्या. व्यापारी आकड्यांचा पहिला पट्टीचा तक्ता म्हणून आज जो ओळखला जातो तो असा नाइलाजातून जन्मला. 1801 साली त्यानेच वर्तुळाचे तुकडे करून वाटे दाखवले, ज्याला आपण पाय चार्ट म्हणतो. व्यापाराला डोळे देणारा हा गृहस्थ स्वतःच्या व्यवहारात मात्र सतत आपटी खात राहिला आणि 1823 साली गरिबीतच गेला. अण्णांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते त्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसले.

प्लेफेअरचा मुद्दा मात्र साधा होता. आकड्यांची रांग वाचताना माणूस एकेक आकडा वाचतो आणि मागचा विसरतो. रेघ मात्र एकदम दिसते, चढ आणि उतार शोधावा लागत नाही. पण एकदम दिसते म्हणजे खरेच दिसते असे नाही. अण्णांच्या मुलाचे तेच झाले होते.

आमचा पहिला रविवार नुसता साफसफाईत गेला. 2017 साली जीएसटी आला तेव्हापासून या दुकानात बिले कॉम्प्युटरवर होतात, त्यामुळे माहिती होती, पण कशी? एकच साडी कुठे 'सेमी सिल्क', कुठे 'एस. सिल्क', कुठे नुसती 'साडी', तर गर्दीच्या दिवशी सरळ 'मिक्स'. दिवाळीच्या आठवड्यात तर निम्मी बिले 'मिक्स'! त्यात परत आलेल्या मालाची बिले विक्रीतच धरलेली. ज्यांना या विषयाची हौस आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावे की रंगीत तक्ता अर्ध्या मिनिटात होतो आणि त्याआधीचे हे निवडणे-टिपणे दिवस खाते. डाळ न निवडता शिजत घातली तर खडा दाताखाली यायचाच. आम्ही दोघांनी सहा नावांचे एक नाव केले, परतीचा माल वजा केला आणि 'मिक्स' बिलांपैकी जी अण्णांना किंवा काउंटरवरच्या बायकांना आठवली ती वेगळी काढली. चौदा वर्षांच्या नोकरीतल्या त्या बाईंची स्मरणशक्ती बघून मुलगा गप्प झाला.

कालनिर्णयाने सोडवलेले गणित

दुसऱ्या रविवारी सगळे निवडून झाले आणि नवा तक्ता काढला. ऑक्टोबर 2023 पडलेलाच! मुलगा माझ्याकडे बघू लागला, अण्णा भिंतीकडे. एवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. पडद्यावरची रेघ त्यांनी क्षणभर पाहिली आणि मुलाला म्हणाल्या, "अरे, त्या वर्षी धोंड्याचा महिना नव्हता का? तुझ्या दाजींना अनारशांचं वाण दिलं, ते विसरलास?"

भिंतीवरचे जुने कालनिर्णय अण्णा टाकत नाहीत, एकाच खिळ्याला अडकवून ठेवतात. ते काढले. 2022 साली लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होते. 2023 साली 18 जुलै ते 16 ऑगस्ट अधिक श्रावण आला, आणि त्यामुळे पुढचे सगळे सण सरकले. गणेश चतुर्थी 2022 साली 31 ऑगस्टला होती ती 2023 साली 19 सप्टेंबरला. लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला. म्हणजे 2022 साली दिवाळीची अख्खी खरेदी ऑक्टोबरात मावली आणि 2023 साली तिचा मोठा भाग नोव्हेंबरात गेला. गणपतीची खरेदीही ऑगस्टातून सप्टेंबरात. दिवाळी कीर्दीतून नाहीशी झाली नव्हती, पुढच्या पानावर गेली होती.

आपले चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचे. इंग्रजी वर्षापेक्षा ते 11 दिवसांनी कमी, म्हणून सण दरवर्षी तेवढे अलीकडे येतात आणि 32-33 महिन्यांनी अधिक मास आला की 19-20 दिवस पुढे उडी मारतात. पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत वापरायचे तयार तक्ते 'गेल्या वर्षीचा हाच महिना' अशी तुलना करतात. त्यांना धोंड्याचा महिना ठाऊक असण्याचे कारण नाही. मुलाने लगेच मांडणी बदलली. आडव्या रेघेवर तारखा न घालता 'लक्ष्मीपूजनाला उरलेले दिवस' घातले: चाळीस, एकोणचाळीस, अडतीस... दोन्ही वर्षांच्या रेघा एकमेकींवर बसल्या. 2023 ची किंचित वरच होती.

खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग अण्णा मुलाला म्हणाले, "ईदचंही तसंच काढ की." गेल्या दोन महिन्यांत ते त्याच्याशी थेट बोलले ते हे पहिले वाक्य.

ईदचे गणित आणखी वेगळे आहे, कारण मुसलमानी पंचांगात अधिक मास नाही. ती नुसती अलीकडे अलीकडे येत जाते. 2023 साली गुढीपाडवा 22 मार्चला आणि रमजान ईद 22 एप्रिलला होती, मध्ये बरोबर एक महिना. 2024 साली पाडवा 9 एप्रिलला आणि ईद 11 एप्रिलला. 2025 साली पाडवा 30 मार्चला, ईद 31 मार्चला. महिन्याच्या अंतराने येणाऱ्या दोन गर्द्या एकाच आठवड्यात आल्या, की दुकानात माणसे किती लागतील, माल कधी भरून ठेवायचा, व्यापाऱ्याचे पैसे कधी द्यायचे, सगळेच बदलते. अण्णांना हे वर्षानुवर्षे ठाऊक आहे, पण ते डोक्यात आहे. मुलाच्या कॉम्प्युटरमध्ये ते नव्हते. अण्णांच्या डोक्यातले कॉम्प्युटरवर आणायला वेळ लागला इतकेच.

मॅचिंगचा काउंटर

तिसऱ्या रविवारी मॅचिंगचा विषय निघाला. मुलाचा पाय चार्ट दाखवत होता की मॅचिंग म्हणजे वर्तुळातली एक बारीक फाक. मला हा पाय चार्ट मुळातच आवडत नाही. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या दोघांनी 1984 साली प्रयोग करून दाखवले आहे की माणसाचा डोळा एका रेषेत मांडलेल्या उंच्या नीट तोलतो, कोनांचा अंदाज त्या मानाने चुकतो. पण इथे आकाराचा प्रश्न नव्हता, प्रश्नच चुकीचा विचारला होता. 'विक्रीत वाटा किती' हे विचारले होते. दुकानदाराने विचारायचे ते 'गुंतवलेल्या रुपयाने वर्षभरात काय मिळवून दिले'.

दुकानाचे खरे आकडे मला छापता येत नाहीत, म्हणून समजा घेऊन सांगतो. समजा एक लाखाच्या खरेदीच्या साड्या कपाटात आहेत, त्यावर शंभराला तीस रुपये सुटतात आणि तो माल वर्षात दीड वेळा फिरतो. वर्षाचे मिळाले 45 हजार. आता एक लाखाचे ब्लाउज पीस, अस्तर, फॉल. त्यावर शंभराला पंचवीसच सुटतात, पण माल वर्षात सहा वेळा फिरतो. मिळाले दीड लाख. अण्णांच्या दुकानातले प्रमाण अगदी असेच नाही, पण दिशा हीच निघाली.

शिवाय एक गोष्ट अशी, जी वर्तुळाच्या फाकेत कधीच दिसली नसती. आम्ही मॅचिंगची बिले घेतली आणि त्याच दिवशी त्याच मोबाइल नंबरवर साडीचे बिल झाले आहे का ते बघितले. अस्तर घ्यायला आलेली बाई साडी बघून जाते, आणि पुष्कळदा घेऊन जाते. उलटही होते: खडेबाजारात दुसरीकडे साडी घेतली आणि ब्लाउज पीस जुळत नाही म्हणून इथे आली. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "हे विचारायला कॉम्प्युटर कशाला पाहिजे होता? मला विचारायचं की." खरे होते. पण त्यांना कोणी विचारले नसते, हेही खरे होते.

इथे जाता जाता एक सांगायला हवे. गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर हे परक्याचे धन आहे. बिलाशी बिल जुळवण्यापुरते बघितले आणि तिथेच ठेवले. ते दुसऱ्याला देणे किंवा रोज चार निरोप पाठवून लोकांना भंडावणे, हे अण्णांनी होऊ दिले नाही आणि 2023 सालच्या माहिती संरक्षणाच्या कायद्यालाही ते धरून नाही.

अण्णांनाही एक धक्का बसायचा होता. मुलाने मालाच्या वयाचा तक्ता काढला. किती माल तीन महिन्यांच्या आतला, किती सहा महिन्यांचा, किती वर्षावरचा. शेवटची पट्टी सर्वांत उंच! ती होती भारी रेशमी साड्यांची. दरवर्षी अण्णा स्वतः जाऊन या साड्या हात लावून, पदर बघून आणतात, आणि 'दुकानाची शोभा' म्हणतात. शहापूर-वडगावच्या मागावरची साडी येते आणि जाते, रोजच्या सिंथेटिक साड्या तर टिकतच नाहीत. ही शोभा मात्र कपाटात दोन-दोन वर्षे बसलेली. तिच्यात अडकलेली रक्कम काढली तेव्हा ती शोरूमसाठी काढायच्या कर्जाच्या निम्म्याहून अधिक निघाली. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "लग्नाच्या बस्त्याला दाखवायला लागतात त्या." मुलगा काही म्हणाला नाही. त्याचे मला कौतुक वाटले.

साधनांबद्दल पुष्कळजण विचारतात, म्हणून थोडक्यात. एवढे सगळे साध्या एक्सेलमध्ये झाले, त्यातल्या पिव्हट टेबलवर. पैसे घालायचे नसतील तर लिबरऑफिस फुकट मिळते. 2003 साली निघालेले टॅब्लो आणि 2015 साली आलेले पॉवर बीआय ही मोठी साधने आहेत, उद्यमबागेतल्या फाउंड्रीला किंवा चार शाखांच्या दुकानाला ती शोभतील. एका दुकानाला सुरुवातीला त्यांची गरज नाही. तक्ता बघताना मात्र दोन गोष्टी तपासाव्यात. पट्ट्या शून्यापासून सुरू होतात का? नसतील तर किरकोळ फरक डोंगराएवढा दिसतो. आणि नुसत्या सरासरीवर भागवले आहे का? या दुकानातले 'सरासरी बिल' अशी रक्कम होती की तेवढ्याचे बिल जवळजवळ कोणाचेच नव्हते. एकीकडे अस्तराची छोटी बिले, दुसरीकडे बस्त्याची मोठी, आणि सरासरी दोन्हींच्या मध्ये हवेत लटकलेली. फ्रान्सिस अँस्कम या संख्याशास्त्रज्ञाने 1973 साली आकड्यांचे चार संच करून दाखवले होते. सरासरी चौघांची सारखीच, चित्र काढले तर चारही निराळे.

जे बिलात नसते

28 जानेवारी 1986 रोजी अमेरिकेचे चॅलेंजर यान उड्डाणानंतर 73 सेकंदांत कोसळले आणि सात अंतराळवीर गेले. थंडीने रबरी कड्या कडक झाल्या, हे कारण पुढे निघाले. आदल्या रात्री याच कड्यांवर चर्चा झाली होती, काही अभियंते 'उडवू नका' म्हणत होते. पण आधीच्या ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली तेवढीच उड्डाणे समोर मांडली गेली, आणि त्यांत तापमानाशी स्पष्ट संबंध दिसेना. नंतरच्या चौकशीत इजा न झालेली उड्डाणेही त्याच तक्त्यात घातली. तेव्हा दिसले की 65 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे 18 अंश सेल्सियसच्या खाली झालेल्या चारही उड्डाणांत कड्यांना इजा होती, आणि त्याहून उबदार हवेतल्या 20 उड्डाणांपैकी फक्त तिघांत. सोडून दिलेले आकडेच महत्त्वाचे होते.

हे मी अण्णांना का सांगितले? तर दुकानाच्या बिलांत फक्त ज्यांनी घेतले त्यांची नोंद असते. जो "नाही का? बरं" म्हणून पायरी उतरला त्याचे बिल नसते. तो कोणत्याच तक्त्यात येत नाही. मुलाला हे लगेच पटले. त्याने कॉम्प्युटर बाजूला ठेवला आणि दोनशे पानी वही आणून मॅचिंगच्या काउंटरवर ठेवली. कोणी काही मागितले आणि नव्हते, तर एक ओळ लिहायची: काय मागितले, कोणत्या गावचे गिऱ्हाईक. नाव-नंबर नको. लिहायचे काम चौदा वर्षांच्या त्या बाईंकडे.

तीन महिन्यांनी वही भरत आली. गोव्याची गिऱ्हाइके रविवारी दुपारी येतात हे सगळ्यांना माहीत होते. चोर्ला घाटातून सकाळी निघतात, अकरा-बाराला पोचतात, संध्याकाळच्या आत परत फिरतात. वहीत दिसले ते असे की रविवारी दीड ते तीन या वेळात 'नाही' सर्वांत जास्त. माल नव्हता असे नाही. माल काढून दाखवणारी निम्मी माणसे जेवायला गेलेली असत. यूपीआयने आलेल्या पैशांच्या वेळाही ताडून बघितल्या, त्याच वेळात खड्डा. आता रविवारची जेवणे तीन पाळ्यांत होतात. आणि चंदगड-खानापूरकडच्या बायका नऊवारी मागतात, ती सहजासहजी मिळत नाही म्हणून परत जातात, असे अठरा वेळा लिहिलेले होते. अण्णांनी नऊवारी चार वर्षांपूर्वी बंद केली होती, "आता कोण नेसतंय" म्हणून.

मॅचिंगचा काउंटर आहे तिथेच आहे, थोडा वाढलाही आहे. भारी साड्या खरेदीच्या भावाला काढाव्यात की नाही यावर बापलेकांचे अजून एकमत नाही. काही काढल्या, काहींना अण्णा हात लावू देत नाहीत. मुलाने 2026 चा अधिक ज्येष्ठ, 17 मे ते 15 जून, आपल्या तक्त्यात लाल रंगाने आखून ठेवला, कारण ऐन लग्नसराईतला मे महिना त्याने अर्ध्यावर तोडला होता. आणि 2027 साली पाडवा पुन्हा एप्रिलमध्ये, ईद मार्चमध्ये, म्हणजे दोन गर्द्या वेगळ्या, हेही त्याने खाली लिहिले आहे. कर्जाच्या अर्जाची फाइल काकूंनी कपाटात ठेवली आहे, जुन्या कालनिर्णयांच्या शेजारी.